कादंबरीतील प्रीती आणि इतिहासाची साक्ष

वाचकहो, थोरले माधवराव पेशवे आणि त्यांच्या पत्नी रमाबाई ह्यांची नावे कोणी उच्चारली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहते. ऐन तारुण्यात क्षयाने झिजत चाललेला तो करारी पेशवा, थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात त्याने कंठलेले अखेरचे दिवस, आणि त्याच्या उशाशी बसलेल्या, मोजकेच बोलणाऱ्या रमाबाई! हे चित्र आपल्याला कोणी दिले? शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात रमाबाईंच्या वाट्याला फार तर एखादे वाक्य आलेले असते, आणि तेही बहुधा त्यांच्या सहगमनाचे. आपण मनात जपून ठेवलेले चित्र हे रणजित देसाई ह्यांच्या 'स्वामी' ह्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीचे देणे आहे.

ह्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही. जगातील कोणत्याही देशात सर्वसामान्य माणसाला आपले पूर्वज जितके कथाकादंबऱ्यांतून भेटले, तितके संशोधकांच्या ग्रंथांतून भेटलेले नाहीत. परंतु घराघरांत आवडीने वाचल्या जाणाऱ्या ह्या पुस्तकांविषयी एक प्रश्न आपण स्वतःला अधूनमधून विचारला पाहिजे. ऐतिहासिक कादंबरीत जी प्रेमकथा असते, ती तेथे कशासाठी आलेली असते, आणि तिचे मोल कोणाला द्यावे लागते? वर्षानुवर्षे अशा कादंबऱ्या वाचीत आलेला एक वाचक ह्या नात्याने ह्या प्रश्नासंबंधी जे सुचले, ते आपल्यापुढे ठेवीत आहे.

दोन प्रवाहांचा संगम

मराठी कादंबरीचा आरंभ बाबा पदमनजी ह्यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) ह्या विधवांच्या दुःस्थितीवरील पुस्तकाने झाला असे मानतात. परंतु त्यानंतर काही काळ वाचकांच्या मनावर राज्य केले ते अद्भुतरम्य कथांनी. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आली, आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांची 'मंजुघोषा' १८६८ साली. राजपुत्र, राजकन्या, संकटे, ताटातूट आणि शेवटी पुनर्मीलन, असा त्यांचा थाट असे. ह्या कथांतील माणसे कोणत्या काळातील, कोणत्या गावची, असा प्रश्न विचारण्याचे कारणच नव्हते. प्रीती हीच त्यांची भूमी होती.

अशा वेळी १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकर ह्यांची 'मोचनगड' ही कादंबरी 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून वाचकांपुढे आली. तिच्यात किल्ला होता, शिवकाल होता, मावळ्यांचे जीवन होते. आणि ताटातूट व मीलन ह्यांची जुनी ओढही होती. मराठीतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिची गणना होते. ह्यापूर्वी सहाच वर्षे, १८६५ साली, बंगालमध्ये बंकिमचंद्र चट्टोपाध्याय ह्यांची 'दुर्गेशनंदिनी' प्रसिद्ध झाली होती. पुढे १८९१ साली त्रावणकोरचे सी. व्ही. रामन पिळ्ळै ह्यांनी 'मार्तंडवर्मा' लिहून मल्याळम् भाषेत ह्याच प्रकाराचा पाया घातला. इंग्रजीतील वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्या ह्या पिढीच्या सुशिक्षितांच्या वाचनात होत्या. परंतु केवळ अनुकरणाच्या हौसेने एवढ्या दूरदूरच्या प्रांतांत एकच साहित्यप्रकार रुजला असे म्हणता येणार नाही.

त्याचे खरे कारण त्या काळाच्या मनःस्थितीत आहे. राज्य परक्यांचे होते आणि इतिहासही बहुतांशी परक्यांनीच लिहिलेला होता. मराठ्यांचा सलग इतिहास म्हणून हाती होता तो ग्रँट डफचा, १८२६ सालचा. आपल्या पूर्वजांकडे आपल्या डोळ्यांनी पाहावे ही तहान लागली होती, परंतु ती भागविणारी कागदपत्रे अजून वाड्यांच्या माळ्यांवर आणि देवघरांतील पेट्यांत पडून होती. हरिभाऊ आपट्यांची 'उषःकाल' ही कादंबरी १८९५ ते १८९७ ह्या काळात त्यांच्याच 'करमणूक' पत्रातून प्रसिद्ध झाली. आणि इतिहासाचार्य राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड बाहेर पडला तो १८९८ साली. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कादंबरी आधी आली, कागद मागून आले. ज्यांनी ह्या कादंबऱ्या लिहिल्या त्यांच्यापुढे पोवाडे, बखरी आणि लोकांच्या तोंडच्या आख्यायिका एवढीच सामग्री प्रायः होती. उरलेल्या रिकाम्या जागा त्यांनी भरल्या त्या 'मुक्तामाले'पासून चालत आलेल्या हुकमी द्रव्याने, म्हणजे प्रीतीने.

उदयभानूची कैफियत

ही भर कशी पडते, हे एका सर्वांच्या परिचयाच्या उदाहरणावरून पाहू. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांच्या स्वाधीन झाले, त्यांत कोंढाणा होता. तो तानाजी मालुसऱ्यांनी ४ फेब्रुवारी १६७० रोजी रात्रीच्या वेळी चढाई करून घेतला आणि त्या झुंजीत ते कामी आले. गडाचा किल्लेदार उदयभानू राठोड हाही त्याच रात्री पडला. इतिहास म्हणून एवढे आपण निर्धास्तपणे सांगू शकतो.

हरिभाऊ आपट्यांनी ह्या प्रसंगावर 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी रचली. तिच्यात सती जाण्यास निघालेली कमलकुमारी नावाची एक रजपूत स्त्री आहे. उदयभानू तिला बळाने पळवून आणतो, गडावर कोंडून ठेवतो आणि तिच्याशी लग्न लावण्याचा घाट घालतो. म्हणून तानाजींची चढाई ही किल्ला घेण्याची मोहीम राहत नाही; एका अबलेच्या सुटकेची घटिका तिच्याशी जोडली जाते. वाचकाचा श्वास रोखला जातो, आणि पुढे काय होणार ह्या चिंतेने तो पाने उलटीत राहतो. कादंबरी म्हणून ही योजना अत्यंत प्रभावी आहे. १९३३ साली प्रभात कंपनीने ह्याच कादंबरीवरून 'सिंहगड' हा बोलपट काढला, तेव्हा ही कथा अक्षरओळख नसलेल्यांपर्यंतही जाऊन पोहोचली.

परंतु कमलकुमारी ही कादंबरीकाराची मानसकन्या आहे. तिच्या पायी उदयभानू मात्र आपल्या मनात कायमचा एक विषयलंपट दुष्ट होऊन बसला. आता राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली सभासदाची बखर उघडून पाहा. शिवाजी महाराजांच्या पदरी वावरलेल्या ह्या लेखकाला उदयभानूचे कौतुक करण्याचे काहीही कारण नव्हते. तरीही तो तानाजी आणि उदयभानू ह्या दोघांचा उल्लेख सारख्याच मानाने करतो. दोघे थोर योद्धे एकमेकांवर तुटून पडले आणि दोघेही ठार झाले, असे त्याचे सांगणे आहे. ज्याने आपला माणूस गमावला, त्या पक्षाच्या लेखणीने शत्रूला वीराचा मान दिला. आणि सुमारे दोनशे वर्षांनंतर तो मान एका प्रेमकथेच्या गरजेसाठी काढून घेतला गेला. उदयभानूला उठून आपली कैफियत मांडता येत नाही. त्याच्या वतीने ती मांडण्याचे काम वाचकाखेरीज दुसरे कोण करणार?

ह्याच कथेतील आणखी एक गोष्ट. तानाजींच्या बलिदानामुळे कोंढाण्याचे नाव सिंहगड पडले, ही समजूत आपल्यापैकी कित्येकांना प्राणाहून प्रिय आहे. परंतु शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या, म्हणजे ह्या झुंजीच्या सात वर्षे आधीच्या पत्रात 'सिंहगड' हे नाव आलेले आहे. हे ठाऊक झाल्याने तानाजींच्या पराक्रमाला तसूभरही उणेपणा येत नाही. ज्याचा पराक्रम खरा आहे, त्याला आख्यायिकेच्या कुबडीची गरज भासत नाही.

जेथे दप्तर मुके होते

मग कादंबरीकाराने इतिहासात प्रीती आणूच नये काय? असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय होईल. आणि तो मुख्यतः स्त्रियांवर होईल. आपले जुने दप्तर कोणी लिहिले? कारकुनांनी, वकिलांनी, मुत्सद्द्यांनी. फौजा किती निघाल्या, मुक्काम कोठे पडला, चौथाईचा हप्ता किती आला, कर्ज किती फिटले, हे त्यांना टिपायचे होते. गो. स. सरदेसाई ह्यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले. त्यांत जिजाबाई, गोपिकाबाई, अहिल्याबाई ह्यांच्यासारख्या ज्यांनी कारभारात हात घातला अशा स्त्रियांची पावले अशा साधनांतून उमटलेली दिसतात. परंतु जी केवळ कोणाची पत्नी होती, तिचे हसणे, रुसणे, वाट पाहणे ह्यांची नोंद ठेवण्याचे कोणत्याच फडणिसाला कारण नव्हते.

'स्वामी'चे यश ह्या ठिकाणी आहे. माधवराव सोळाव्या वर्षी, पानिपतच्या संहारानंतर अवघ्या काही महिन्यांनी, १७६१ साली गादीवर आले. १७६३ साली राक्षसभुवन येथे त्यांनी निजामाचा पराभव केला. चुलते रघुनाथरावांच्या महत्त्वाकांक्षेशी ते अखेरपर्यंत झगडले. आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी थेऊर येथे त्यांनी देह ठेवला. ही सारी माहिती इतिहासाच्या पुस्तकांत होतीच. देसाई ह्यांनी तिच्यात मिळविला तो ह्या अकरा वर्षांतील वाड्याच्या आतला दिवस. राज्याच्या ओझ्याखाली वाकलेल्या तरुणाला घरी कोणाशी काय बोलावेसे वाटले असेल, आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या मुलीचे दिवस कसे गेले असतील, हा त्यांचा विषय. १९६४ साली ह्या कादंबरीला साहित्य अकादेमीचा पुरस्कार लाभला. येथे कल्पनेने कोणाचा मान हिरावून घेतलेला नाही. दप्तर मुके होते तेथे ती बोलली आहे, आणि आपल्या एका पूर्वजेला तिने घर मिळवून दिले आहे.

तसाच न्याय मस्तानीला मिळाला. थोरल्या बाजीरावांच्या ह्या प्रियेविषयी विश्वसनीय कागद थोडे आणि अफवा फार, अशी स्थिती होती. पुण्याच्या कर्मठ कुटुंबांत तिचे नाव काढले तर ते आवाज खाली आणूनच. ना. सं. इनामदार ह्यांनी १९७२ साली 'राऊ' लिहिली आणि हे नाव उजळ माथ्याने दिवाणखान्यात आणले. पुढे २०१५ साली ह्या कादंबरीच्या आधाराने निघालेल्या हिंदी चित्रपटामुळे ते देशभर गेले. चित्रपटातील नाचगाण्यांचा इतिहासाशी संबंध किती, हा प्रश्न वेगळा. परंतु ज्याला खरोखर जिज्ञासा वाटली, त्याला पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे मस्तानीची कबर पाहावयास मिळते. तिचा पुत्र समशेरबहादूर पानिपतावर लढला आणि १७६१ सालीच निवर्तला, हे कळते. आणि त्याचेच वंशज पुढे बुंदेलखंडात बांद्याचे नबाब झाले, हेही कळते. ज्या मुलाला मुंजीचा अधिकार नाकारला गेला असे सांगतात, त्याने पेशव्यांच्या फौजेत राहून प्राण वेचला! कोणत्या कल्पित प्रेमकथेला ह्याहून मोठा शेवट सुचला असता?

अश्रूंनंतरचा प्रश्न

तथापि, जेथे कादंबरी सर्वांत सुंदर होते, तेथेच वाचकाने सर्वांत जागे राहावयास हवे. 'स्वामी'चा शेवट रमाबाईंच्या सहगमनाने होतो, कारण इतिहासातही तसेच घडले. ही पाने कोरड्या डोळ्यांनी वाचणारा वाचक विरळा. परंतु डोळे पुसल्यानंतर आपण स्वतःला विचारले पाहिजे, की आपण कशासाठी रडलो? एका तरुण स्त्रीच्या निष्ठेसाठी, की तिला जगण्याची दुसरी वाटच ठाऊक होऊ न देणाऱ्या रूढीसाठी? चितेचे वर्णन जितके रमणीय, तितका हा प्रश्न झाकला जाण्याचा संभव अधिक.

हा प्रश्न केवळ अठराव्या शतकाचा आहे असे समजू नका. कंपनी सरकारने बंगाल इलाख्यात १८२९ साली सतीबंदीचा कायदा केला, त्यामागे राजा राममोहन राय ह्यांचे दीर्घ परिश्रम होते. असे असूनही त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १९८७ साली, राजस्थानातील एका गावी एक तरुण विधवा पतीच्या चितेवर जळाली, आणि तेथे हजारो लोक भक्तिभावाने जमले. ह्या घटनेनंतर संसदेला नवा कायदा करून सतीचा गौरव करणे हाच गुन्हा ठरवावा लागला. कथाकादंबऱ्यांमुळे असे घडते, असा आरोप करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु कोणत्याही समाजात जे सुंदर म्हणून वारंवार सांगितले जाते, ते हळूहळू योग्यही वाटू लागते. म्हणून घरातील मुलीने 'स्वामी' वाचून संपविली की तिच्याशी त्या शेवटाविषयी बोलणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे. रमाबाईंविषयीचा आदर न ढळू देताही असे बोलता येते.

ऐतिहासिक कादंबरीतील प्रीती नेहमी जुन्या रूढीची पाठराखण करते असेही नाही. वृंदावनलाल वर्मा ह्यांची 'मृगनयनी' ही हिंदी कादंबरी १९५० साली, म्हणजे आपली राज्यघटना अमलात आली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ग्वाल्हेरवर राज्य करणारा मानसिंह तोमर आणि त्याची गुजर जातीची राणी ह्यांची ही कथा. राणीसाठी बांधलेला गुजरी महाल ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आजही उभा आहे. परंतु वर्मांनी राजाराणीच्या जोडीला आणखी एक जोडी उभी केली आहे: राणीचा भाऊ अटल आणि तिची मैत्रीण लाखी. तो गुजर, ती अहीर. राजाने खालच्या मानलेल्या कुळातील मुलगी वरली तर कोणी शब्द काढीत नाही. ह्या दोन गरिबांचे लग्न मात्र गावाला सोसत नाही. पाचशे वर्षांपूर्वीची म्हणून सांगितलेली ही गोष्ट १९५० च्या भारताला उद्देशून आहे, हे ओळखावयास वेळ लागत नाही. म्हणूनच कोणतीही ऐतिहासिक कादंबरी हाती घेतली की ती कोणत्या सालाची आहे हे आधी पाहावे. कथेचा काळ एक असतो आणि लेखकाचा काळ दुसरा. आणि नायिकेच्या तोंडून पुष्कळदा हा दुसरा काळच बोलत असतो.

शेजारच्या घरातील नायक

आता ज्या गोष्टीकडे आपले सर्वांत अधिक दुर्लक्ष होते, तिच्याकडे वळू. आपण बहुधा आपल्याच प्रांताच्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतो. त्यामुळे आपले वीर ते सदैव वीर आणि समोरचे ते सदैव खल, अशी आपली धारणा होऊन बसते. ह्यावर उतारा एकच, आणि तो म्हणजे शेजाऱ्याची कादंबरी वाचणे.

तमिळ भाषेतील श्रेष्ठ कादंबरीकार 'कल्की' कृष्णमूर्ती ह्यांची 'शिवगामियिन् शपथम्' ही कादंबरी १९४४ ते १९४६ ह्या काळात त्यांच्या साप्ताहिकातून क्रमशः आली. कांचीचा पल्लव राजपुत्र नरसिंहवर्मा आणि शिवगामी नावाची नर्तकी ह्यांची ही प्रेमकथा. शत्रू शिवगामीला पळवून आपल्या राजधानीस नेतो. आणि आपल्या प्रियकराने ही नगरी उद्ध्वस्त केल्यावाचून आपण येथून पाऊल उचलणार नाही, अशी ती शपथ घेते. हा शत्रू कोण? वातापीचा, म्हणजे बदामीचा, चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी! ज्याने उत्तरेच्या हर्षवर्धनाला नर्मदेच्या पलीकडे थोपवून धरले म्हणून आपण दक्षिणी लोक अभिमानाने ज्याचे नाव घेतो, ज्याच्या ६३४ सालच्या ऐहोळे येथील प्रशस्तीत ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख आहे, तोच हा पुलकेशी. तमिळ वाचकाला तो कांचीवर चालून आलेला आक्रमक म्हणून भेटतो. ६४२ च्या सुमारास नरसिंहवर्म्याने वातापी जिंकली, हा इतिहास आहे. शिवगामी मात्र कल्कींच्या प्रतिभेतून जन्मली आहे. तिच्या डोळ्यांनी आपल्या नायकाकडे पाहताना मराठी वाचकाला क्षणभर चमकल्यासारखे होईल. ते चमकणे उपकारक आहे. उदयभानूला आपण काय केले, हे त्या क्षणी उमगते.

ह्याच कल्कींनी १९५० ते १९५४ ह्या काळात लिहिलेल्या 'पोन्नियिन् सेल्वन्'चा मासला आणखी निराळा. चोळ राजपुत्र आदित्य करिकाल ह्याचा दहाव्या शतकात खून झाला. तो कोणी आणि का केला, ह्याचा उलगडा आजही पुरतेपणी झालेला नाही. तमिळनाडूतील उडैयारगुडी येथील मंदिरावरचा एक शिलालेख ह्या खुनाशी संबंध असलेल्या बंधूंची नावे आणि त्यांच्या मालमत्तेची जप्ती सांगतो. त्यांत रविदास नावाचा एक जण आहे. कल्कींनी हा रविदास उचलला, त्याच्याभोवती कारस्थान विणले आणि त्याच्या मध्यभागी नंदिनी नावाची एक काल्पनिक सुंदरी बसविली. परंतु खून नेमका कोणाच्या हातून झाला हे कोडे त्यांनी कादंबरीतही धूसरच राहू दिले. जे कोडे शिलालेखाने सोडविले नाही ते आपण सोडविल्याचा आव त्यांनी आणला नाही, हा संयम शिकण्याजोगा आहे.

बंगालकडे पाहिले तर आपल्याला आणखी कठीण धडा मिळतो. 'दुर्गेशनंदिनी'त मोगलांचा सेनानी मानसिंह ह्याचा पुत्र जगत्सिंह घायाळ होऊन शत्रूच्या हाती सापडतो, आणि पठाण कत्लूखानाची कन्या आयेषा त्याची शुश्रूषा करता करता त्याच्यावर जीव जडविते. ती काही मागत नाही, आणि तिला काही मिळतही नाही. ज्या कथेत पठाण हे शत्रुपक्ष आहेत, त्या कथेतील सर्वांत उदात्त हृदय बंकिमचंद्रांनी एका पठाण मुलीला दिले. आता ह्याच बंगालच्या आठवणीत मराठ्यांची प्रतिमा कोणती आहे? नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून १७५१ च्या तहापर्यंत तेथे वारंवार गेल्या. त्यांना तेथे 'बर्गी' म्हणतात, आणि बर्गींच्या नावाने मुलांना भीती घालून निजविण्याची रीत तेथील अंगाईगीतांत उतरली आहे. गंगाराम कवीने त्याच काळात लिहिलेल्या 'महाराष्ट्र पुराण' ह्या बंगाली काव्यात गावे सोडून पळणाऱ्या लोकांच्या हालांचे वर्णन आहे. उलट, मराठ्यांचा सेनापती भास्करपंत ह्याला १७४४ साली अलीवर्दीखानाने भेटीस बोलावून दग्याने मारले, ही आपल्या बाजूची आठवण. दोन्ही खऱ्या. नोकरीधंद्यानिमित्त कोलकात्यात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलाला शेजारच्या घरी ती अंगाई ऐकू आली, तर त्याला काय सांगावे? त्याला दोन्ही गोष्टी सांगाव्यात. एवढे सांगता येणे हीच खरी इतिहासाची गोडी.

१९५४ साली स्थापन झालेली साहित्य अकादेमी आणि १९५७ साली स्थापन झालेला नॅशनल बुक ट्रस्ट ह्यांनी एका भारतीय भाषेतील पुस्तके दुसरीत आणण्याचे कार्य चालविले आहे. जवळच्या ग्रंथालयात आपल्या भाषेच्या कपाटाशेजारीच अनुवादांचेही कपाट बहुधा असते. त्याच्याकडे आपली पावले क्वचितच वळतात.

घरी कसे वाचावे

शेवटी व्यवहाराच्या चार गोष्टी. कादंबरी वाचताना ती कादंबरी म्हणूनच वाचावी. मूल तन्मय होऊन वाचीत असता 'हे खोटे आहे, ते खोटे आहे' असा मध्येच घोष करणाऱ्या वडीलमाणसासारखा रसभंग करणारा दुसरा नाही. वाचून झाले, मन भरले, म्हणजे मग पुस्तकाची प्रस्तावना काढावी. प्रामाणिक लेखक कोणता आधार घेतला आणि कोठे कल्पनेचा आश्रय केला, हे तेथे पुष्कळदा सांगून ठेवतो. आणि आपण ती पाने हटकून गाळतो. त्यानंतर एका कागदावर दोन रकाने पाडावेत. एकात कादंबरीतील ज्या व्यक्ती व घटना इतिहासाला ठाऊक आहेत त्या, आणि दुसऱ्यात कादंबरीकाराने घडविलेल्या. 'मार्तंडवर्मा' वाचली तर त्रावणकोरचा तो राजा पहिल्या रकान्यात जाईल आणि जिच्यासाठी पुस्तक लक्षात राहते ती सुभद्रा दुसऱ्यात. मुलांना हा खेळ फार आवडतो, आणि शाळेतील सनावळीचा कंटाळा त्याने पार नाहीसा होतो.

एकदा रकाने पडले की तिसरा प्रश्न विचारावा: पहिल्या रकान्यातील कोणा माणसाचे दुसऱ्या रकान्यातील कल्पनेमुळे नुकसान तर झाले नाही? हा प्रश्न पूर्वीपेक्षा आज अधिक निकडीचा आहे. कादंबरी वाचावयास आठवडा लागे आणि तेवढ्या अवधीत विचार करावयास फुरसत मिळे. तीच कथा आता पडद्यावर अडीच तासांत, वाद्यांच्या कल्लोळासह, मनावर कोरली जाते, आणि चित्रपटगृहातून बाहेर पडणारा तरुण शेकडो वर्षांपूर्वीचा हिशेब आज कोणाशी चुकता करावा ह्याचा विचार करू लागतो. ज्याला घरी दोन रकाने पाडण्याची सवय लागली आहे, त्याला असे भडकावणे अवघड जाते. त्याचे इतिहासावरील प्रेम कमी झालेले नसते; त्याला फक्त माहीत असते, की आपण हळहळलो ती व्यक्ती खरी होती आणि आपल्याला संताप आला तो प्रसंग रचलेला होता, किंवा ह्याच्या उलट.

म्हणून वाचकहो, ह्या कादंबऱ्या जरूर वाचा. रात्र जागवून वाचा. आणि मुलांनाही वाचू द्या. 'गड आला पण सिंह गेला' ज्या फळीवर ठेवाल, तिच्यावरच सभासदाची लहानशी बखरही ठेवा. तिच्यातील कोंढाण्याचा मजकूर वाचावयास पाच मिनिटेदेखील लागत नाहीत. परंतु तेवढ्या वेळात तानाजींच्या शेजारी मरून पडलेला तो राठोड किल्लेदार आपल्याला दिसतो, आणि शत्रूलाही वीर म्हणणारे आपले पूर्वज कसे होते, हेही दिसते.